४७ टक्क्यांच्या चाळीस बाटल्या: आमची ग्रामपंचायत आणि बचत गटास खुले पत्र

प्रति,
सरपंचताई व सर्व सदस्य, ग्रामपंचायत;
शाळा व्यवस्थापन समिती;
आणि बचत गटातल्या माझ्या ताई-माईंनो,

स. न. वि. वि.

गेल्या सोमवारच्या ग्रामसभेला मी होतो. मागे, खांबाला टेकून. ठराव वाचून दाखवला तेव्हाच हात वर करायला हवा होता. केला नाही. बायकांच्या हाताला काम मिळतंय, त्यात आपण म्हातारपणी मोडता घालायचा का, असं वाटलं. घरी आलो आणि झोप लागेना. म्हणून आता लिहितोय, आणि जाहीरच लिहितोय, कारण जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या पट्ट्यात असा विचार करणारं आपलं एकच गाव नसणार.

ठराव असा होता: गावात जुलाब-उलट्या सुरू आहेत, वरच्या आळीत काविळीचे पेशंट निघालेत, सबब बचत गटाने घरगुती सॅनिटायझर तयार करावं आणि ग्रामपंचायतीने ते विकत घेऊन शाळा, अंगणवाडी व केळीच्या पॅकिंगवर वाटावं.

माझी विनंती: हा ठराव मागे घ्या. त्यातला पैसा साबण, तोट्या आणि पाण्यात टाकायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीवर लावा.

यात बोलायचा मला अधिकार काय, असं कोणी विचारेल. एकच आहे. ही चूक मी आधी करून बसलोय.

एप्रिल २०२० आठवा. भुसावळपर्यंत एका मेडिकलमध्ये सॅनिटायझर मिळत नव्हतं. सरकारने मार्चमध्येच २०० मिलीच्या बाटलीला १०० रुपयांची मर्यादा घातली होती, पण मर्यादा घालायला बाटली तर हवी. लोक माझ्याकडे आले. विज्ञानाचा मास्तर, ३१ वर्षं शिकवलंय, याला येत असेल. मलाही अंगावर मूठभर मांस चढलं. मोबाइलवर कृती आलेलीच होती: दोन भाग स्पिरिट, एक भाग कोरफडीचा गर, हलवा, बाटलीत भरा. अंगणात अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये कोरफड माजलेली. ओळखीच्या दुकानातून स्पिरिटचा पाच लिटरचा कॅन आणला. ओट्यावर बसून गर खरवडला, घमेल्यात ओतला, वरून स्पिरिट. आणि लिंबू पिळल्यावर दूध फाटतं ना, तसा तो गर फाटला. पांढऱ्या तारा, गुठळ्या, खाली निथळ पाणी. कोरफडीतली चिकट द्रव्यं अल्कोहोलमध्ये विरघळत नाहीत, साका होऊन वेगळी पडतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं. जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळून घेतलं. सौ. म्हणाली, "फाटलेलं दूध आपण देवापुढे ठेवत नाही, आणि हे लोकांना देता?" मी तिलाच दोन शब्द सुनावले.

चाळीस बाटल्या भरल्या. घरोघर वाटल्या. पैसा घेतला नाही, तेवढं एक बरं. पॅकिंगवरच्या एकाने हातावर घेऊन नाकाला लावलं आणि म्हणाला, "मास्तर, वास तं भारी येऊ राह्यला!" मी खूश.

पुढे दिवाळीच्या सुमारास नातीला शेकडेवारीची गणितं घालत होतो. मिश्रणाचं उदाहरण आलं आणि माझा हात तिथेच थांबला. कॅन अजून माडीवर होता. वर जाऊन लेबल वाचलं: आयसोप्रोपिल अल्कोहोल, ७० टक्के. ती कृती लिहिणाऱ्याने ९९ टक्क्यांचं स्पिरिट धरलं होतं. ९९ चे दोन भाग आणि गराचा एक भाग मिळून ६६ टक्के होतात, ते चालतं. माझे दोन भाग ७० चे. दोन सत्तर एकशे चाळीस, भागिले तीन: सेहेचाळीस पूर्णांक सात. धरा ४७. हातावरचे जंतू मारायचे तर अल्कोहोल किमान ६० टक्के लागतं. अख्खा उन्हाळा मी गावाला वासाचं पाणी वाटलं होतं. आणि आठवीला शेकडेवारी मीच शिकवत होतो.

त्या बाटल्यांमुळे कोणाला काही झालं का? मला ठाऊक नाही, आणि ते कळायला मार्गही नाही. पण एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. बाटली खिशात आली तसं लोकांचं हात धुणं बंद झालं. मळ्यातून आले, दोन थेंब चोळले, भाकरीला बसले.

म्हणून सांगतो, वासावर आणि हाताला गार लागण्यावर जाऊ नका. ४७ टक्क्यांचंही गार लागतं, घमघमतंही. दारूच्या दुकानातली व्हिस्की-रम साधारण ४२.८ टक्क्यांची, म्हणजे अख्खी बाटली हातावर ओतली तरी भागत नाही. सातपुड्यातल्या मोहाच्या दारूची तर प्रत्येक भट्टीगणिक ताकद वेगळी. टक्के मोजायला अल्कोहोलमीटर असतो, काचेची नळी, द्रवात तरंगते. तोही २० अंश तापमान धरून आखलेला. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४५ अंशांत तो बुडवला की गरम द्रव पातळ झालेला असतो, नळी जास्त बुडते आणि टक्के असतात त्याहून जास्त दिसतात. तापमानाचा तक्ता घेऊन हिशेब करावा लागतो. बरं, झाकण सैल राहिलं तर पाण्याआधी अल्कोहोल उडून जातं. भरताना ६५ असलेली बाटली वापरताना कितीची राहते, देव जाणे.

आता कोणी म्हणेल, मग शंभर टक्केच वापरू. तेही नको. अल्कोहोल जंतूंची प्रथिनं बिघडवतं, अंडं उकडल्यावर पांढरं घट्ट होतं तसं काहीसं, आणि त्या कामात त्याला पाण्याची सोबत लागते. शिवाय निव्वळ अल्कोहोल काम होण्याआधीच उडून जातं. म्हणून ६० ते ९५ हा पट्टा.

ग्रामसभेत दुसरीही कृती निघाली होती: कडुनिंबाचा आणि तुळशीचा पाला उकळायचा, त्यात तुरटी आणि कापूर. स्पिरिटच नाही, मग धोका कसला? धोका हाच, की त्यात जंतू मारायला फारसं काही नाही. "केळी तुरटीच्या पाण्यात धुतात, मग हात का नाही?" असं जे विचारलं गेलं, त्याचं उत्तर पॅकिंगवर रोज उभ्या राहणाऱ्या बायकाच देतील. तुरटी तिथे चीक काढायला असते. घडाच्या फण्या कापल्या की देठातून चीक गळतो, केळीवर पडला तर काळे डाग पडतात, म्हणून तुरटीची टाकी. त्याचा रोगजंतूंशी संबंध नाही. आणि पाल्याचा काढा आपल्या उकाड्यात दोन-तीन दिवस टिकतो, नंतर आंबतो. वर पांढरट साय धरलेली बाटली मी स्वतः पाहिलीय. ते पाणी हातावर चोळणं म्हणजे डबक्यात हात बुडवण्यासारखं.

चिकाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. दिवसभर पॅकिंग करणाऱ्या बाईच्या हातावर काळा, चिकट थर बसतो. त्या थरावर दुकानातलं महागातलं सॅनिटायझरही उपयोगाचं नाही. ते मळाखाली, तेलाखाली पोचत नाही. हिवाळ्यात मळ्यात भरीत-पुरीची पार्टी झाल्यावर तेलकट हातावर दोन थेंब चोळणाऱ्या भाऊंनी हे ध्यानात ठेवावं. कपाशीवर फवारणी करून आलेल्यांनी तर नक्कीच, कारण औषधाचा अंश सॅनिटायझरने निघत नाही, फक्त दोन्ही हातांवर सारखा पसरतो. तिथे साबण आणि पाणीच.

आता मूळ मुद्दा, जो सभेत कोणीच काढला नाही. आपल्या गावात आत्ता जे दुखणं आहे, त्यावर सॅनिटायझर हा इलाज धडपणे चालतच नाही. घरचा नाही आणि कारखान्याचाही नाही.

करोनाच्या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं, अल्कोहोल ते फोडतं, म्हणून तिथे ते कामाला आलं. आपल्याकडच्या साथीचा माल वेगळा. घाण पाण्यातून पसरणारी कावीळ 'अ' प्रकारच्या विषाणूची, नाहीतर 'ई' प्रकारच्या. उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस म्हणून एक प्रकार आहे. यातल्या 'अ' विषाणूला आणि नोरोला ते चरबीचं पांघरूण नसतंच, त्यामुळे हे असले अल्कोहोलला सहजी दाद देत नाहीत. जुलाब करणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा सूक्ष्म जीव त्याला जुमानत नाही. पोरांच्या नखांत मातीबरोबर गेलेली जंताची अंडी तशीच राहतात. साबणाचं काम निराळं. तो मारत बसत नाही, तो सुटं करतो आणि पाणी वाहून नेतं. मेलेला असो की जिवंत, हातावरून गेला म्हणजे झालं.

आणि खरं तर निम्मा दोष हातांचाही नाही. वरच्या आळीत पाइपलाइन गटारीला चिकटून जाते. नळाला पाणी चौथ्या दिवशी. मधले तीन दिवस पाइप रिकामा, आणि रिकामा पाइप गटारीचं पाणी आत ओढून घेतो. पाणी आल्यावर पहिली कळशी कोणत्या रंगाची असते, ते त्या आळीतल्या पोरीबाळींना विचारा. तिथे जलसुरक्षकाने, म्हणजे पंचायतीच्या पाणी बघणाऱ्या माणसाने, टाकीत टीसीएल रोज टाकली पाहिजे, आणि ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का, ते रंगावरून बघायची चाचणी) टाकीजवळ न करता शेवटच्या घराच्या नळावर केली पाहिजे. क्लोरीन तिथपर्यंत पोचतंय का, हे तिथेच कळेल. गोणी उघडी ठेवली तर टीसीएलची ताकद उतरते, तेही बघा. मागे मी पंचायतीत गेलो तेव्हा गोणीचं तोंड सुतळीने बांधलेलं होतं आणि वर कोणाचं तरी हेल्मेट ठेवलेलं.

आता धोक्याकडे येतो, कारण 'उपयोग नसेल पण अपाय तर नाही ना' असं म्हणणारे भेटले.

स्पिरिट कोणतं आणणार? स्वस्त मिळतं ते पॉलिशवाल्यांचं किंवा कुठून तरी सुटं आलेलं. त्यात मिथेनॉल असू शकतं. विषारी दारूने माणसं आंधळी होतात, मरतात, ते याच मिथेनॉलमुळे. शरीरात गेल्यावर त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते डोळ्याच्या नसेवर उठतं. ते कातडीतूनही शोषलं जातं, वाफेतूनही जातं. वासाने ओळखता येत नाही, रंगाने येत नाही. चांगल्या-चांगल्यांनाही ते ओळखू आलं नाही: २०२० मध्ये मुंबईच्या कन्झ्युमर गाइडन्स सोसायटीने बाजारातल्या सॅनिटायझरचे १२२ नमुने तपासले, ४५ भेसळीचे निघाले आणि त्यातल्या ५ मध्ये मिथेनॉल होतं. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनालाही मिथेनॉलच्या सॅनिटायझरविरुद्ध इशारे द्यावे लागले. ही बाजारातली, लेबल लावलेली. आपल्या घमेल्यातलं कोण तपासणार?

आणि आग. ८० टक्के इथेनॉलच्या, म्हणजे दारूतल्याच अल्कोहोलच्या, मिश्रणाची वाफ ठिणगीने पेटायला साधारण १८ अंश तापमान पुरतं. जळगाव जिल्ह्यात त्याहून कमी कधी असतं? हिवाळ्यात, रात्री-पहाटे. म्हणजे बाकी वर्षभर आपण पेट घेऊ शकणाऱ्या वाफेजवळ बसणार, आणि जिथे बसणार तिथेच गॅस, चूल, देवघरातलं निरांजन. अल्कोहोलची ज्योत फिक्कट निळी, भर उन्हात दिसतसुद्धा नाही. पेटलंय हे पदराला झळ लागल्यावर कळतं.

तिसरं, बाटल्या. तुम्ही भरणार कशात? कोल्ड्रिंकच्या, पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत. मीही त्यातच भरलं होतं. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब १२ लहान मुलांच्या तोंडात गेले. सुदैवाने मुलं बचावली. शिकलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या माणसांकडून हे झालं. त्याच जिल्ह्यात वणीला त्या एप्रिलमध्ये दारूची दुकानं बंद म्हणून माणसांनी सॅनिटायझर प्यायलं आणि जीव गमावला. आपल्या गावात असे कोण कोण आहेत, त्यांची नावं मी घेत नाही. तुम्हालाही ठाऊक आहेत.

कृती गुपित आहे म्हणून मी अडवतोय, असं मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ती उघडच दिलीय. दहा लिटरसाठी ९६ टक्क्यांचं इथेनॉल ८३३३ मिली, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ९८ टक्के ग्लिसरॉल १४५ मिली, बाकी उकळून गार केलेलं पाणी. मग ७२ तास झाकून ठेवायचं, म्हणजे द्रवात किंवा बाटलीत जिवाणूंचे बीजाणू असतील तर पेरॉक्साइड त्यांना संपवतं. त्यात कोरफड नाही, लिंबू नाही, अत्तर नाही, बघा. पण ती कृती औषधनिर्मात्यांसाठी, जिथे सॅनिटायझर मिळतच नाही अशा दवाखान्यांसाठी आहे. शुद्ध इथेनॉल आणायचं तर राज्य उत्पादन शुल्क खात्याची परवानगी, बनवून विकायचं तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना. ग्रामपंचायत विकत घेणार म्हणजे ती विक्रीच झाली. उद्या काही झालं तर कागदावर अंगठा आणि सही कोणाची असेल? तुमची, ताई-माईंनो. ठराव मांडणाऱ्यांची नव्हे.

सॅनिटायझर मुळातच वाईट आहे, असं मी म्हणत नाही. आशाताई दिवसाला तीस घरं फिरतात, नर्सबाई एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जातात, एसटीत माणूस डबा उघडतो, तिथे पाणी कुठलं? त्यांना चांगलं द्या. लेबलवर अल्कोहोलचे टक्के, बॅच नंबर, परवाना क्रमांक आणि मुदत छापलेली असेल असं पक्क्या बिलाने घ्या.

आता शाळेचं. परवा मधल्या सुट्टीत जाऊन बसलो होतो. खिचडीची पातेली उतरली आणि पोरं पळाली. हात धुवायच्या ओट्यावर पाच तोट्या. एक गळते म्हणून चिंधी बांधलेली, एकीला मूठच नाही. उरल्या तीन. पहिलीतली एक चिमुरडी टाचा उंचावून उभी राहिली, तरी तिची बोटं तोटीला पोचेनात. तिने फ्रॉकला हात पुसले आणि ताटली घेऊन रांगेत उभी राहिली. साबण कुठाय म्हणून विचारलं तर कपाटात. का? "सर, बाहेर ठेवला की कावळे नेतात." यात खोटं काही नाही, कावळे साबण पळवतातच. पण १५ ऑक्टोबरला हात धुवा दिन येतो, त्याच दिवशी वाचन प्रेरणा दिनही असतो, तेव्हा फोटोपुरता साबण बाहेर येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कपाटात जातो. हेडमास्तरांवर मी रागावलेलो नाही. त्यांच्याकडे साबणाला वेगळा पैसा येत नाही आणि पावती मात्र प्रत्येक वडीची मागतात.

यावर माझं सुचवणं साधं आहे. कांद्याच्या जाळीच्या पिशवीत साबणाची वडी घालून तोटीला बांधा. कावळ्याला नेता येत नाही, जाळीवर घासलं की फेसही चांगला येतो. पाणी नसेल त्या दिवसासाठी पाच लिटरचा कॅन काठीला टांगा, तोंडाजवळ, पाण्याच्या पातळीच्या वर, बारीक भोक पाडा, पायाने ओढली की कॅन कलेल अशी दोरी लावा. एका पोराचे हात वाटीभर पाण्यात निघतात. असाच एक पॅकिंगवर, चीक काढण्यासाठी खोबरेल तेलाच्या डबीसह, कारण चीक आधी तेलाने सुटतो आणि मग साबणाने.

आणि बचत गटाचं काम जाऊ नये. सॅनिटायझरसाठी जी रक्कम ठरवली, ती गटालाच द्या, पण ठेका असा द्या: शाळा, अंगणवाडी आणि पॅकिंग, तिन्ही ठिकाणी रोज साबण आहे, तोटी चालू आहे, कॅन भरलेला आहे, हे बघायचं. महिन्याला ठरलेला मेहनताना. आठवड्यातून एकदा जलसुरक्षकासोबत जाऊन शेवटच्या नळावरची ओटी टेस्ट बघायची आणि रंग वहीत लिहायचा. तुमच्यातल्या सात-आठ जणी माझ्या वर्गात होत्या, रंग बघून निरीक्षण लिहायला मी शिकवलंय, विसरला नसालच. घरी साबण तयार करू, असंही कोणी म्हणालं. नको. त्याला कॉस्टिक लागतं आणि कॉस्टिकने भाजलेला हात मी प्रयोगशाळेत पाहिलाय. साबण दुकानातून आणा.

पुढच्या मासिक सभेत हा विषय घ्यावा, एवढी विनंती. मी समोरच्या बाकावर बसेन. त्याआधी गुरुवारी सकाळी साडेदहाला टेप घेऊन शाळेत येतोय. सरपंचताई, तुम्ही या, प्लंबरलाही बोलवा. त्या पहिलीतल्या पोरीला ओट्याजवळ उभं करू आणि तिचा कोपर कुठे येतो ते मोजून तोटीची खूण करू.

माडीवर माझ्या त्या चाळीसमधल्या तीन बाटल्या अजून आहेत. त्या मी कोणाला देणार नाही.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक